नामा कोणता?

कार्तिकातला काकडा. बुवांनी अभंग घेतला, शेवटी ‘विष्णुदास नामा’ अशी मुद्रा आली, आणि मी शेजारी बसलेल्या माझ्याच वर्गातल्या पोराच्या कानात सांगितले, “नामदेवरायांचा बरं का!” पोरगा म्हणाला, “गुरुजी, कशावरून?” मला उत्तर सुचेना.

नामदेव १२७० ते १३५० मधले. विष्णुदास नामा या नावाचा दुसरा कवी सोळाव्या शतकात, एकनाथांच्या काळी झाला. त्याने महाभारत ओवीत आणले. पण नामदेवांनीही स्वतःला विष्णुदास म्हणवले असल्याने नकला उतरणाऱ्यांनी ‘नामा’ दिसला की एकाच पोत्यात टाकला. धाकट्याची कमाई थोरल्याच्या खात्यावर चढली.

“काय बिघडले? देवाचेच नाव ना?” असे मला विचारतात. विचारणारे बहुधा तेच, जे सातबाऱ्यावर शेजाऱ्याचे नाव चढले तर दुसऱ्याच दिवशी तहसील गाठतात! आमच्या जिल्ह्यातले जांब हे समर्थांचे जन्मगाव. भद्राचलमच्या रामदासाची तेलुगू कीर्तने उद्या कोणी समर्थांची म्हणून छापली, तर जांबकर गप्प बसतील काय? मग बिचाऱ्या विष्णुदासाने काय पाप केले?

उलटा अतिरेकही झाला आहे. १८९८-९९ च्या सुमारास ‘भारद्वाज’ या नावाने शिवराम एकनाथ भारदे यांनी ‘सुधारका’त मांडले, की ज्ञानेश्वरी लिहिणारे ज्ञानदेव वेगळे आणि अभंग लिहिणारे वेगळे. बहुतेक अभ्यासकांना ते पटले नाही. पण मला भारदे वंद्य वाटतात. त्यांनी भाषा तपासली, पुरावा मागितला; नुसते हात जोडून बसले नाहीत.

शिया पंथाच्या विद्वानांनी तर या कामाचे शास्त्रच केले. इमामांची वचने सांगणाऱ्यांत ‘अबू बसीर’ एकाहून अधिक. मग अमुक वचन कोणत्या अबू बसीराचे, हे ठरवण्यासाठी गुरू कोण, शिष्य कोण, काळ कोणता, हे त्यांनी शतकानुशतके तपासले. विश्वासाच्या माणसाचे वचन आणि बिनविश्वासाच्या माणसाचे एक होऊ नये, ही त्यांची काळजी. श्रद्धा कमी म्हणून नव्हे, जास्त म्हणून! आणि आम्ही मात्र मुद्रा पाहिली की टाळ उचलतो.

आता वर्गात मी फळ्यावर तीन रकाने आखतो. पहिला नामदेवांचा, दुसरा विष्णुदास नाम्याचा. तिसऱ्यावर लिहितो, ‘ठरलेले नाही.’ तो अभंग सध्या तिसऱ्यात आहे. बुवा माझ्यावर रागावले आहेत.