देव दळायला आला, सूळ कुणासाठी आला?

सध्या ऊबदार अद्भुतकथांची चलती आहे. जादू असते, राक्षस असतात, पण कुणाच्या जिवावर काही बेतत नाही. ट्रॅव्हिस बाल्ड्रीच्या ‘लेजेंड्स अँड लाटेज’मध्ये (२०२२) ऑर्क जातीची धिप्पाड योद्धी तलवार बाजूला ठेवते आणि कॉफीचं दुकान थाटते. दुकान जळतं, मित्र धावून येतात, दुकान पुन्हा उभं राहतं. दमल्याभागल्या माणसाला असं वाचावंसं वाटतं, त्यात गैर काहीच नाही. मला चीड येते ती ‘जगात दुःख आहेच, मग गोष्टीत कशाला?’ असं विचारणाऱ्यांची.

त्यांनी आमच्या परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडच्या जनाबाईची कथा नीट ऐकावी. बापानं पंढरपुरात दामाशेटींच्या घरी ठेवलेली पोर त्यांच्या मुलाच्या, संत नामदेवांच्या घरची दासी झाली. विठ्ठल पहाटे तिच्या जात्याचा खुंटा धरतो, शेण्या वेचू लागतो, तिची वेणी घालतो. तो तिला राज्य देत नाही, सोनं देत नाही; तिचं दळण हलकं करतो. याहून ऊबदार कल्पना आणखी कुठली हवी?

पण कथा तिथं थांबत नाही. महिपतींच्या ‘भक्तविजया’तही (१७६२) पुढचा प्रसंग आहे. घाईघाईत देव जनीची वाकळ पांघरून निघून जातो आणि त्याचं पदक तिच्या झोपडीत राहतं. देवळात पदक दिसेना म्हटल्यावर संशय थेट दासीवर. चोरीचा आळ येतो, चंद्रभागेच्या काठी सूळ उभा राहतो. शेवटी सुळाचं पाणी होतं, पण तोवर कथेनं सांगायचं ते सांगून टाकलेलं असतं: देव मोलकरणीच्या घरी राबला, तरी आळ येतो तो मोलकरणीवरच.

म्हणून पिढ्यान् पिढ्या जात्यावर बसणाऱ्या बायकांनी जनीला आपली मानलं. आपल्या जात्याला कुणी हात लावायला येणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तरी ती कथा त्यांना धीर देत राहिली, कारण तिला त्यांच्या हातांचे घट्टे माहीत होते. ज्या कथेला कष्ट माहीतच नाहीत, ती विसावा कसला देणार? ती फक्त गुंगी देते.

मराठीत ऊबदार अद्भुत लिहा, जरूर लिहा. दिवाळीच्या सुमारास गंगाखेड-पालमकडच्या तांड्यांवरून मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली जोडपी ऊसतोडीला जातात आणि घरी म्हातारीकोतारी राहतात. त्यांच्या फडात देव मोळ्या बांधायला येऊ द्या. मात्र मुकादमाची उचल फिटली की नाही, हे त्याच कथेत सांगा. ते टाळणार असाल, तर त्या फडात देवाला आणू नका.