१८९९ सालची विजेची मोटार आणि ‘खरी शर्यत’ नावाचा गैरसमज

१/ मोटारशर्यतींच्या पर्यावरणीय भवितव्याची चर्चा निघाली की एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘विजेवर धावते ती शर्यतीची गाडीच नव्हे.’ शर्यत, पेट्रोल आणि इंजिनाची गर्जना ही जणू जन्मापासूनची त्रिमूर्ती आहे, असे यात गृहीत धरलेले असते. इतिहास मात्र पहिल्या पाच वर्षांतच या गृहीतकाला सुरुंग लावतो. आजचा थ्रेड त्याविषयी. मते माझी आहेत. वाद घालायला पूर्ण मुभा आहे. #थ्रेड

२/ २२ जुलै १८९४. ‘ल पती जुर्नाल’ या पॅरिसच्या वृत्तपत्राने पॅरिस ते रूआँ अशी १२६ किलोमीटरची स्पर्धा भरवली. शंभराहून अधिक नोंदी आल्या. त्यांत पेट्रोल होते, वाफ होती, वीज होती, दाबलेली हवा होती; गुरुत्वाकर्षणाच्या बळावर गाडी चालवून दाखवू म्हणणारे महाभागही होते. मुख्य दिवशी २१ वाहने निघाली. गंमत अशी की बक्षिसाचा निकष वेग हा नव्हताच. वाहन निर्धोक असावे, हाकण्यास सोपे असावे आणि त्याचा प्रवासखर्च परवडावा, अशी अट होती.

३/ काउंट द दियों यांचे वाफेचे वाहन सर्वांच्या आधी रूआँला पोहोचले, तरीही पहिले बक्षीस त्यांना मिळाले नाही. बॉयलर पेटता ठेवण्यासाठी दुसरा माणूस लागतो, हे परीक्षकांना मान्य झाले नाही. प्रथम पारितोषिक प्यूजो आणि पानार-लव्हासोर यांच्यात विभागले गेले. या खेळाच्या पहिल्याच निकालात काटकसरीने वेगावर मात केली होती, हे आजच्या चर्चेत कुणाला आठवत नाही.

४/ आता २९ एप्रिल १८९९. पॅरिसजवळच्या आशेर येथे बेल्जियमचा कामीय झनात्झी टॉर्पेडोसारख्या आकाराच्या गाडीवर स्वार झाला. स्वार हाच शब्द योग्य, कारण त्या गाडीत तो निम्मा बाहेरच बसलेला दिसतो. वेग ताशी १०५.८८ किलोमीटर. रस्त्यावरील वाहनाने ताशी शंभराचा उंबरठा ओलांडण्याची ही पहिली वेळ, आणि ही गाडी निव्वळ विजेवर धावत होती. तिचे नाव ‘ला जामे कोंतांत’, म्हणजे ‘कधीच समाधान न मानणारी’. तिचा तेव्हाचा प्रतिस्पर्धी शास्लू-लोबा याचीही गाडी विजेचीच. १९०२ मध्ये हा विक्रम मोडला तो सेर्पोले यांच्या वाफेच्या गाडीने. पेट्रोलचा क्रमांक त्यानंतर लागला.

५/ मग या खेळाची मोहिनी नेमकी कशात आहे? ‘आवाजात’ म्हणणाऱ्यांना एक तपशील सांगतो. ज्या व्ही-१० इंजिनांच्या आठवणीने समाजमाध्यमांवर उसासे टाकले जातात, ती फॉर्म्युला वनमध्ये १९८९ साली आली आणि २००५ नंतर जवळपास संपली. सव्वाशे वर्षांच्या इतिहासातली ही जेमतेम सोळा-सतरा वर्षे. आपण ज्याला परंपरा म्हणतो ते पुष्कळदा आपल्या बालपणीचे दूरदर्शन असते.

६/ माझ्या मते मोहिनी आहे ती मानवी निर्णयाच्या वेगात. ब्रेक कधी दाबायचा, शेजारच्या गाडीला किती जागा सोडायची, टायर आणखी किती फेऱ्या साथ देईल, हे सारे क्षणार्धात आणि हजारो डोळ्यांसमोर ठरते. टाकीत काय आहे, याच्याशी त्याचा संबंध फार थोडा.

७/ दुसरा मुद्दा अधिक गंभीर आहे. हा खेळ स्वतःहून क्वचितच बदलला. बहुतेक वेळा त्याला बदलावे लागले. १९०३ च्या पॅरिस-माद्रिद शर्यतीत चालक आणि प्रेक्षक मिळून निदान आठ जण मृत्युमुखी पडले. मार्सेल रेनो त्यांपैकी एक. शर्यत बोर्दो येथेच थांबवण्यात आली आणि गाड्या घोड्यांकरवी ओढत रेल्वे स्थानकावर नेल्या गेल्या. शहराकडून शहराकडे खुल्या रस्त्यांवरून धावणाऱ्या महाशर्यतींचे युग तिथे संपले. १९०७ मध्ये इंग्लंडात ब्रुकलँड्सचा बंदिस्त मार्ग उभा राहिला. ११ जून १९५५ रोजी ल माँ येथे एक मर्सिडीज प्रेक्षकांत घुसली आणि ८० हून अधिक लोक दगावले. स्वित्झर्लंडने आपल्या भूमीवर सर्किट शर्यतींना बंदी घातली. ही बंदी अपवाद करून शिथिल झाली ती २०१८ मध्ये, झुरिचला, आणि तीही विजेवरच्या फॉर्म्युला ई साठी.

८/ इंधनटंचाईचा प्रसंगही येऊन गेला आहे. १९७३ च्या तेलसंकटानंतर डेटोनाची चोवीस तासांची शर्यत १९७४ साली रद्द झाली. डेटोना ५०० दहा टक्क्यांनी छोटी करण्यात आली. त्यासाठी शोधलेली पळवाट ऐकण्यासारखी आहे : शर्यतीची मोजणी एकविसाव्या फेरीपासून सुरू केली! नाव पाचशे मैलांचे, धाव साडेचारशेची.

९/ ही पळवाट मला आजच्या काळाचे रूपक वाटते. फॉर्म्युला वनने २०१९ मध्ये आपला कार्बनहिशेब जाहीर केला. २०१८ च्या हंगामातील उत्सर्जन सुमारे २,५६,००० टन. त्यात शर्यतीच्या गाड्यांच्या इंजिनांचा वाटा किती? अवघा ०.७ टक्के. मालवाहतूक ४५ टक्के. संघांचा आणि अधिकाऱ्यांचा प्रवास जवळपास २८ टक्के. प्रेक्षक आपापल्या गावाहून येतात, तो प्रवास या हिशेबात धरलेलाच नव्हता.

१०/ म्हणून ‘वीज की पेट्रोल’ हा वाद मला पुष्कळसा दिशाभूल करणारा वाटतो. २०१४ पासूनची हायब्रिड इंजिने अभियांत्रिकीचा चमत्कार आहेत आणि २०२६ च्या नियमांतील शाश्वत इंधनही स्वागतार्ह आहे. त्या तंत्राचा लाभ सामान्य वाहनांना झाला तर उत्तमच. पण खेळाचा स्वतःचा धूर निघतो तो विमानांतून. १९५० च्या पहिल्या जागतिक अजिंक्यपद मालिकेत ७ शर्यती होत्या. २०२४ मध्ये २४. मियामीला शर्यत करून युरोपात परतायचे आणि काही आठवड्यांनी कॅनडासाठी पुन्हा अटलांटिक ओलांडायचा, हा प्रकार वर्षानुवर्षे चालला. २०२६ च्या वेळापत्रकात कॅनडाची शर्यत मियामीनंतर लगेच ठेवली आहे. जपानची शर्यतही २०२४ पासून एप्रिलमध्ये, आशियातील इतर शर्यतींच्या जवळ सरकवली. २०१८ च्या तुलनेत २०२४ अखेर उत्सर्जन २६ टक्क्यांनी घटल्याचे संस्था सांगते. हे श्रेय द्यायलाच हवे. मात्र २०३० पर्यंत ‘निव्वळ शून्य’ गाठायचे असेल तर शर्यतींची संख्या कमी करण्याचा विषय टाळून चालणार नाही, आणि नेमके त्यावर सगळे मौन पाळतात. कारण उघड आहे : प्रत्येक यजमान शहर पैसे मोजते.

११/ आता आपल्याकडे. २०११ ते २०१३ अशी तीन वर्षे ग्रेटर नोएडात ग्रां प्री झाली आणि करांच्या वादात बंद पडली. ती परत यावी, अशी मागणी आपल्यातले अनेक जण करतात. ११ फेब्रुवारी २०२३ रोजी हैदराबादला हुसेन सागराकाठी फॉर्म्युला ई धावली, पुढच्या वर्षी ती रद्द झाली. त्याची हळहळ त्या मानाने फारच थोड्यांना वाटली. वास्तविक त्या मालिकेत मुंबईच्या महिंद्राचा संघ अगदी पहिल्या, २०१४ च्या हंगामापासून आहे आणि २०१७ मध्ये बर्लिनला त्याने शर्यत जिंकली आहे. शर्यतीत आपला संघ असण्यापेक्षा आपल्या दारात गर्जना असणे आपल्याला मोठे वाटते, हे मला खटकते. ग्रां प्री परत यायचीच असेल, तर आखाती शर्यतींना जोडून येणारी तारीख आणि सर्किटपर्यंत सार्वजनिक वाहतूक, या दोन अटी चाहत्यांनीच आधी मांडायला हव्यात.

१२/ झनात्झीची ती गाडी फ्रान्समधील काँपिएन्यच्या संग्रहालयाची आहे. छायाचित्रे अवश्य शोधा. पुढचा थ्रेड ब्रुकलँड्सवर.