लियाँची खाणावळ

एखाद्या मुलखाची खरी ओळख तेथील राजवाड्यांपेक्षा श्रमिकांच्या पोटाची तरतूद करणाऱ्या खाणावळींत अधिक होते, या मताची प्रचीती ज्यास घ्यावयाची असेल, त्याने फ्रान्समधील लियाँ शहरी चौकडीचे मेजपोस अंथरलेल्या एखाद्या चिंचोळ्या ‘बुशाँ’त, म्हणजे तेथील खाणावळीत, अवश्य बसावे. रेशीम विणणाऱ्या कारागिरांच्या या नगरीत पाइक माशाचे काटेरी मांस कुटून, त्यात लोणी, अंडी व पीठ एकजीव करून केलेली ‘केनेल’ भट्टीतून टम्म फुगून येते. लसूण, हिरवी पात व व्हिनेगर घालून कालवलेले ताजे चीज पावाबरोबर खातात. आणि गाईच्या जठराचा तुकडाही पावाच्या चुऱ्यात घोळवून, खरपूस तळून सन्मानाने वाढला जातो. धनिकांच्या मुदपाकखान्यातील चाकरी सोडून स्वतःचा व्यवसाय थाटणाऱ्या स्त्रियांनी ही पाककला नावारूपास आणली. त्यांच्यापैकी यूजेनी ब्राझिए यांच्या दोन्ही उपाहारगृहांना १९३३ साली मिशलँ मार्गदर्शिकेने प्रत्येकी तीन तारे बहाल केले.

प्रस्तुत प्रवास-विशेषांक हाती घेणाऱ्या वाचकांस आमची विनंती इतकीच, की परमुलखी जेवावयास बसताना परिचित पदार्थाचा आग्रह क्षणभर दूर ठेवावा आणि आज चुलीवर काय शिजले आहे, ते मालकिणीसच विचारावे.