दुखण्यावर सुया : आधी विचारा, मग टोचून घ्या

आमच्या सिन्नरात विड्या वळणाऱ्यांच्या घरातले चित्र ठरलेले. मांडीवर सूप, मान खाली आणि बोटे चालू. हजार विड्यांचा हिशोब कारखान्यात होतो. मान-पाठीच्या कळांचा हिशोब कुणीच ठेवत नाही. मग बाई दुकानातून दुखण्याची गोळी आणते. आज एक, उद्या दोन. अशी वर्षानुवर्षे घेतलेली गोळी पोटात जखमा करते, मूत्रपिंडेही बिघडवते. म्हणून भगिनी आम्हाला विचारतात, "भाऊ, सुया टोचून घेतल्या तर?"

ही विद्या मूळ चीनची, दोन हजार वर्षांची जुनी. 1938 साली युद्धात होरपळणाऱ्या चीनच्या मदतीला भारतातून पाच डॉक्टर गेले. त्यांतले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1942 साली तिथेच वारले. त्यांचे सहकारी डॉ. बसू पुढे पुन्हा चीनला गेले, ॲक्युपंक्चर शिकले आणि ते कोलकात्याला घेऊन आले.

सुई केसासारखी बारीक असते. तिच्यात औषध नसते. टोचल्यावर शरीर स्वतःच वेदना कमी करणारी द्रव्ये सोडते, असे आढळले आहे. जुनी पाठदुखी, मानदुखी, गुडघेदुखी, अर्धशिशी यांत काहींना उतार पडतो. मात्र नुसत्या दिखाऊ सुया टोचूनही पुष्कळांना बरे वाटल्याचे चाचण्यांत दिसले. म्हणजे उपयोग आहे, चमत्कार नाही. साखर, टीबी, रक्तदाब सुईने बरा करतो म्हणणाऱ्याच्या दारात उभे राहू नका. चालू औषधे डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.

महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी 2015 चा कायदा आहे. तेव्हा नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका. सुई नवी, बंद पाकिटातली, आपल्यासमोर फोडलेली हवी. वापरलेल्या सुईतून कावीळ, एड्स येऊ शकतो. किती बैठका, किती पैसे, हे आधीच कागदावर घ्या. गरोदर असाल किंवा रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर तसे आधी सांगा. हातापायांतली शक्ती गेली, लघवीवर ताबा राहिला नाही, तर सुई नको. थेट सरकारी दवाखाना गाठा.

आणि एक. सुईने कळ थांबली तरी उद्या सूप मांडीवरच येणार. तेव्हा भिंतीला पाठ टेका, सुपाखाली पाट घ्या, अर्ध्या तासाने उठून चार पावले चाला. घरातल्या पुरुषांनी तेवढा वेळ पाण्याचा हंडा उचलावा. या औषधाला पैसे पडत नाहीत.