झळाळीआधीची मेहनत

सुट्या भागांतून घरी मोटार जोडण्याची हौस जुनी आहे. १९५७ सालची ब्रिटिश लोटस सेव्हन अनेकांनी अशीच जोडली, कारण सुट्या भागांवर तयार गाडीचा खरेदीकर लागत नसे. अलिबागजवळ कार्लेखिंड येथे चिंकारा मोटर्सने त्याच धाटणीची रोडस्टर फायबरग्लासच्या कायेत घडविली.

एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या लोखंडाला गंज चढतो. फायबरग्लासला तो चढत नाही. मात्र साच्यातून निघताना त्यावर मेणाचा थर राहतो. तो पुसण्यापूर्वीच पॉलिश पेपर फिरविला, तर मेण पृष्ठभागात जिरते आणि पुढे रंग पापुद्र्यांनी सुटतो. म्हणून प्रथम मेण काढावे, मगच घासावे. टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे उघडून पुट्टीने भरावीत; अन्यथा उन्हात आतली हवा फुगून रंगावर फोड येतात. नंतर प्रायमर, पुन्हा घासणे, शेवटी रंग.

एटापल्लीची पावसाळी दमट हवा, धूळ आणि दिव्यावर झेपावणारे कीटक पाहता हे काम कोरड्या ऋतूत, दिवसा, बंद शेडमध्ये करावे. गडद रंग अधिक तापतो व तंतूंची वीण वर उमटते; फिका रंग बरा.

हार्डनर मिसळलेल्या रंगातील आयसोसायनेटमुळे कायमचा दमा जडू शकतो. तेथे रुमाल निरुपयोगी. शुद्ध हवा पुरविणारा मास्क हवा. ती सोय नसल्यास फवारणी जाणत्या रंगाऱ्याकडे सोपवावी. श्वास गहाण ठेवून वाचविलेल्या मजुरीची नोंद नफ्यात होत नाही.