पाण्याचा वाटा माणशी की एकरी?

गावात नालाबांध झाला, पाणी मुरले, विहिरी वर आल्या. नारळ फुटला, फोटो निघाले. पण विहीर कुणाची? ज्याची जमीन त्याची. मग बांधावर पाट्या वाहिलेल्या भूमिहीन बाईच्या पदरात काय पडले?

पुरंदर तालुक्यातील नायगावात याचे उत्तर शोधले गेले. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे हे पुण्याचे उद्योजक तेथे गेले. देवस्थानची ४० एकर माळजमीन खंडाने घेऊन त्यांनी पावसाचे पाणी अडवले. त्यातून 'पाणी पंचायत' उभी राहिली. तिचा हिशेब आम्हा कारकून मंडळींना चटकन पटावा असा आहे. पाणी माणसांवर मोजायचे. माणशी अर्धा एकर भिजेल एवढे, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. पाच माणसांच्या घरी जमीन ५ एकर असो की ५०, पाणी अडीच एकराचेच! जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही. ऊस लावायचा नाही. तो एकटाच सगळ्यांचे पिऊन टाकतो. खर्चाचा पाचवा हिस्सा लाभधारकांनी भरायचा. (रोजंदारीवाल्याला हे जडच.) आणि भूमिहीनालाही वाटा! त्या पाण्याच्या बळावर तो जमीनवाल्याशी बटाई ठरवू शकतो.

साळुंखे २००२ साली गेले. बहुतेक गावांत विहिरीचे पाणी अजून जमीनवाल्याचेच आहे.

तेव्हा तुमच्या गावी पाणलोटाचे काम निघाले, तर घरच्या बायकांसह ग्रामसभेला जा. कुदळ पडण्याआधीच विचारा, वाटा माणशी की एकरी? जे ठरेल ते ठरावात लिहायला लावा आणि ठरावाची नक्कल मागून घ्या.