होरेस ग्रीली आणि प्रवासभत्त्याची यादी

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली आपले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक काळ्या गुलामांस मुक्त करणाऱ्या अमेरिकन लोकांस अर्पण केले, हे आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. त्या कामी लेखणी झिजविणारा एक पत्रकर्ता होता. त्याचे नाव होरेस ग्रीली.

जन्म १८११ चा, न्यू हॅम्पशायर प्रांतातला. बाप शेतकरी; कर्जापायी शेत गेले. पंधराव्या वर्षी पोरगा छापखान्यात खिळे जुळविण्यास उमेदवार राहिला. १८४१ साली त्याने न्यूयॉर्कात ‘ट्रिब्यून’ पत्र काढले, किंमत एक सेंट. त्याची साप्ताहिक आवृत्ती दूरदूरच्या शेतकऱ्यांच्या घरी जाई. १८५० साली शहरातल्या जुळाऱ्यांनी आपला संघ काढला, तेव्हा पहिला अध्यक्ष म्हणून त्यांनी या छापखान्याच्या मालकासच बसविले!

१८४८ च्या डिसेंबरात तो तीन महिन्यांपुरता प्रतिनिधी-सभेत गेला. सभासदांस घरापासून राजधानीपर्यंत वीस मैलांस आठ डॉलर भत्ता मिळे, आणि मैल मोजायचे ‘नेहमीच्या वाटेने’. वाट कोणती, हे ज्याचे त्याने सांगायचे. मग वाट लांबणारच. ग्रीलीने टपालखात्याचे मैल घेतले, उचललेल्या रकमांशी ताडून पाहिले आणि नावानिशी यादी छापून टाकली. तीत लिंकनचेही नाव होते. कायदा मोडला असे त्याचे म्हणणे नव्हते. कायदाच वाकडा आहे, एवढेच. पण सभासद खवळले ते त्याच्यावरच.

त्याच बैठकीत त्याने भूमिहीनांस सरकारी जमीन देण्याचे बिल आणले. ते पडले. १८६२ साली मात्र तसा कायदा होऊन कुटुंबास १६० एकर मिळू लागले. ती जमीन मूळच्या रहिवाशांपासून हिरावलेली होती, हेही सांगितले पाहिजे. त्याच वर्षी ऑगस्टात त्याने, बंडखोरांचे गुलाम सोडविण्यात ढिलाई का, असा जाब लिंकनला उघड पत्रातून विचारला. अध्यक्षास छापील उत्तर द्यावे लागले.

असा माणूस, पण अधिकारपदाची हाव सुटली नाही. १८७२ साली तो ग्रँटविरुद्ध अध्यक्षपदास उभा राहिला, आणि ज्या डेमोक्रॅटिक पक्षास त्याने जन्मभर झोडपले त्याचाच पाठिंबा घेतला. दक्षिणेत त्या वेळी मुक्त झालेल्या काळ्या लोकांवर हल्ले होत होते, आणि हा तिथले लष्कर काढून समेट करा म्हणत होता. स्वतः गुलामीतून सुटलेला फ्रेडरिक डग्लस ग्रँटच्या बाजूस राहिला. आमच्या मते त्याने योग्य तेच केले.

ग्रीली सपशेल हरला. मतदानाच्या सहा दिवस आधी बायको वारली होती. तो महिना संपण्यापूर्वी, २९ नोव्हेंबरास, तोही गेला. त्याच्या अंत्ययात्रेस ग्रँट हजर होता.